योहानगेऑर्गनश्टाट : खाणकामगारांनी वसवलेले आणि युरेनियमपायी उपसले गेलेले शहर

जर्मनीच्या सॅक्सनी राज्यात, चेक प्रजासत्ताकाच्या सीमेला अगदी चिकटून, एर्त्सगेबिर्ग या डोंगररांगेत योहानगेऑर्गनश्टाट नावाचे एक छोटे शहर आहे. त्याची लोकसंख्या आज चार हजारांच्याही आत आहे. परंतु १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस याच उतारांवर तीस हजारांहून अधिक माणसे दाटीवाटीने राहत होती. युरेनियम या मूलद्रव्याचा शोध ज्या दगडातून लागला तो येथील खाणीतला, आणि सोव्हिएत संघाच्या अणुकार्यक्रमाला सुरुवातीच्या वर्षांत ज्या थोड्या ठिकाणांहून युरेनियम मिळाले त्यांत याही शहराची गणना होते. एवढ्याशा गावाच्या वाट्याला एवढा मोठा इतिहास कसा आला, हे समजून घ्यायचे तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. येथील डोंगराच्या पोटातील खनिजे शतकानुशतके तीच राहिली, मात्र त्यांतले काय मौल्यवान आणि काय टाकाऊ हे दर पिढीला दूरच्या कोणीतरी ठरवले, आणि गावाचे दैव त्या निवाड्याबरोबर फिरत राहिले.

आधी डोंगराविषयी. सुमारे ३० ते ३२ कोटी वर्षांपूर्वी या भागात भूगर्भातून वितळलेला खडक वर येऊन थिजला आणि त्याचे ग्रॅनाइट झाले. या ग्रॅनाइटच्या भोवतीचे जुने, पापुद्र्यांसारखे थर असलेले खडक दाबाने तडकले. पुढे कोट्यवधी वर्षांच्या काळात, वेगवेगळ्या टप्प्यांत, खोलवरचे गरम आणि क्षारयुक्त पाणी या भेगांतून वर चढले. पाणी तापवण्याच्या बंबाच्या नळीत जसा क्षारांचा थर आतून धरत जातो, तसेच या भेगांच्या भिंतींवर खनिजे साचत गेली. खाणकामगार ज्याला शीर म्हणतात ती अशी खनिजांनी भरलेली भेग. ती कुठे हातभर रुंद असते, कुठे बोटभर उरते आणि कुठे एकाएकी नाहीशी होते. एर्त्सगेबिर्गच्या शिरांचे वैशिष्ट्य असे की त्यांत चांदी, कोबाल्ट, निकेल, बिस्मथ आणि युरेनियम एकमेकांच्या सोबतीने आढळतात. एकाच शिरेत थोड्या अंतरावर चांदीची तार आणि युरेनियमचा काळा गोळा सापडावा, हे येथे नवल नव्हते. या एका भूवैज्ञानिक योगायोगावर पुढचा सारा इतिहास उभा आहे.

शहराची स्थापना मात्र खनिजापेक्षा धर्मामुळे झाली. सीमेपलीकडे, बोहेमियाच्या म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या बाजूला, प्लाटेन नावाचे एक खाणींचे गाव आहे. आज त्याला होर्नी ब्लात्ना म्हणतात. हे गाव सॅक्सनीच्या अमलाखाली असतानाच वसले होते आणि तेथील लोक जर्मन बोलणारे व लूथरपंथी प्रोटेस्टंट होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या युद्धानंतर ते बोहेमियाकडे, म्हणजे कॅथलिक हाब्सबुर्ग घराण्याकडे गेले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील वादातून पेटलेल्या तीस वर्षांच्या युद्धाचा शेवट १६४८ मध्ये झाल्यावर हाब्सबुर्ग सम्राट तिसरा फर्डिनांड याने बोहेमियात कॅथलिक पंथाची सक्ती अधिक कठोरपणे राबवली, आणि खाणींच्या गावांतील प्रोटेस्टंटांपुढे पंथ बदला किंवा देश सोडा, असे दोनच मार्ग उरले. प्लाटेनच्या अनेक कुटुंबांनी दुसरा मार्ग पत्करला. सीमा ओलांडायला फार चालावे लागत नव्हते, पण घर, खाणीतील हिस्सा, शेताचा तुकडा, पूर्वजांच्या कबरी हे सगळे मागे टाकून जावे लागत होते.

या निर्वासितांनी सॅक्सनीचा इलेक्टर पहिला योहान गेऑर्ग याच्याकडे नवे गाव वसवण्याची परवानगी मागितली. इलेक्टर म्हणजे सम्राटाची निवड करण्याचा अधिकार असलेल्या मोजक्या राजपुरुषांपैकी एक. हा इलेक्टर स्वतः लूथरपंथी होता, आणि अनुभवी खाणकामगार आपणहून दाराशी आले असताना त्यांना परत पाठवण्यात त्याचेच नुकसान होते. त्याने २३ फेब्रुवारी १६५४ रोजी फास्टेनबर्ग या डोंगरावर शहर वसवण्यास परवानगी दिली, आणि शहराला त्याचेच नाव मिळाले. समुद्रसपाटीपासून सातशे-आठशे मीटर उंचीवरच्या या उतारांवर बर्फ महिनोन्‌महिने हटत नाही आणि धान्य नीट पिकत नाही. अशा जागी शेतकऱ्याने गाव वसवले नसते. खाणकामगारांना मात्र जमिनीच्या वरच्या थराशी फारसे देणेघेणे नव्हते. त्यांची नजर खाली होती, आणि फास्टेनबर्गच्या पोटात खनिज आहे हे त्या परिसरात आधीपासून ठाऊक होते.

श्रद्धेपायी परागंदा झालेल्या लोकांचे गाव असल्यामुळे त्याच्या स्वभावात काही गोष्टी सुरुवातीपासूनच मुरल्या. चर्च हे गावाचे केंद्र होते आणि खाणींची नावेही त्याच भावनेतून पडली. ‘देवाची कृपा’ अशा अर्थाचे नाव धारण करणारी खाण येथे होती, तशीच ‘नवे भाग्य’ अशा अर्थाचीही होती. आत उतरलेला माणूस संध्याकाळी वर येईलच याची खात्री नसलेल्या धंद्यात अशी नावे शोभेपुरती ठेवलेली नसतात. ‘ग्ल्युक आउफ’ हे खाणकामगारांचे अभिवादन, ज्यात शीर सापडो आणि सुखरूप वर येणे होवो अशा दोन्ही शुभेच्छा सामावलेल्या आहेत, एर्त्सगेबिर्गमध्ये आजही रस्त्यात भेटणारी माणसे एकमेकांना म्हणतात.

खाण चालत कशी असे, हे थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण त्याशिवाय त्या समाजाची घडण कळत नाही. जमीन कोणाचीही असली तरी तिच्या खालच्या धातूवर हक्क राज्यकर्त्याचा असे. तो स्वतः खोदत नसे. ज्याला शीर सापडेल त्याला खोदण्याचा अधिकार मिळे आणि उत्पन्नाचा ठरावीक भाग राज्याच्या खजिन्यात जाई. चांदी राज्याच्या टांकसाळीलाच, राज्याने ठरवलेल्या भावाने विकावी लागे. खाणीसाठी लागणारे भांडवल मोठे आणि परतावा अनिश्चित, म्हणून खाणीची मालकी भागांत वाटलेली असे. सॅक्सनीत साधारणपणे एका खाणीचे १२८ भाग पाडत आणि अशा एका भागाला कुक्स म्हणत. कुक्स विकत घेणारा व्यापारी दूरच्या शहरात बसलेला असू शकत होता. मात्र आजच्या शेअरपेक्षा कुक्स एका बाबतीत वेगळा होता. खाण नफ्यात असली तर कुक्सधारकाला वाटा मिळे, पण ती तोट्यात असली तर त्याला आपल्या खिशातून भर घालावी लागे, आणि भर घातली नाही तर हिस्सा हातचा जाई. त्यामुळे शीर बारीक झाली, की आधी दूरच्या शहरातील पैसा आटे आणि मग गावातील चूल थंड पडे.

काम कसे व कुठे करायचे हेही मालक ठरवत नसत. शहरात राज्याचे खाण कार्यालय होते. तेथील अधिकारी खोदाईची दिशा, मजुरी आणि हिशेब यांवर देखरेख ठेवत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सॅक्सनीत ही पद्धत टिकली. तिच्यामुळे कामगाराला मनमानी मालकापासून काहीसे संरक्षण मिळाले. शिवाय खाणकामगारांचा स्वतःचा मदतनिधी असे, ज्यात प्रत्येकाच्या मजुरीतून थोडी रक्कम जमा होई आणि आजारी, जायबंदी किंवा विधवा झालेल्यांना त्यातून आधार दिला जाई. जर्मनीत पुढे जो सामाजिक विमा उभा राहिला त्याची जुनी मुळे खाणकामगारांच्या अशा निधींत आहेत. या लोकांना आपल्या पेशाचा जो अभिमान वाटे, सणाच्या दिवशी काळ्या गणवेशात ते ज्या ताठ मानेने मिरवणूक काढत, त्यामागे हा संघटितपणाही होता.

खोदलेले वर आणायचे कसे, हा त्या काळातला सर्वांत कठीण प्रश्न होता. जेथे ओढ्याचे पाणी पाटाने आणता येई तेथे पाणचक्की लावत. जेथे ते शक्य नसे तेथे घोडे जुंपत. योहानगेऑर्गनश्टाटमध्ये अशा घोड्यांच्या रहाटाची एक मोठी वास्तू होती, आणि तिची प्रतिकृती १९९० च्या दशकात पुन्हा उभारण्यात आली आहे. बाहेरून ती लाकडी फळ्यांनी मढवलेल्या प्रचंड शंकूसारखी दिसते, छप्पर जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेले. आत मधोमध एक उभा लाकडी खांब असतो, ज्याच्या तळाशी आडवे दांडे असतात आणि त्यांना घोडे जुंपलेले असतात. घोडे गोल फिरू लागले की खांब फिरतो, त्याच्या वरच्या भागातील ढोलावर एक दोर गुंडाळला जातो आणि दुसरा सुटतो. त्यामुळे खनिजाने भरलेली एक बादली वर येत असताना रिकामी बादली त्याच वेळी खाली जाते. दिशा बदलायची असली की घोड्यांना वळवून उलट फिरवायचे. हिवाळ्यात बाहेर वारा बर्फ उडवत असला तरी घोड्यांची वाट त्या छपराखाली कोरडी राहावी, एवढी काळजी त्या रचनेत घेतलेली आहे. तिच्यासमोर उभे राहिल्यावर विजेपूर्वीच्या काळातील कारागिरांबद्दल मनापासून आदर वाटतो.

चांदी मात्र फार काळ भरभरून मिळाली नाही. वरच्या भागातल्या श्रीमंत शिरा संपल्या, की खोल जावे लागे, आणि खोल गेले की पाणी उपसण्याचा खर्च वाढे. अशा वेळी गावाला इतर खनिजांनी तारले. कोबाल्टपासून काचेची गर्द निळी पूड तयार होई, जिला चिनी मातीची भांडी आणि काच रंगवण्यासाठी युरोपभर मागणी होती, आणि सॅक्सनी या निळ्या रंगाचा मोठा उत्पादक होता. त्यापूर्वीच्या खाणकामगारांनी कोबाल्टचे दगड शिव्याशाप देत बाजूला फेकले होते, कारण चांदीच्या आशेने भट्टीत घातले की त्यांतून विषारी वाफा तेवढ्या निघत. बिस्मथचेही थोडेफार उत्पादन होत राहिले.

या सगळ्यांत सर्वांत निरुपयोगी मानला गेलेला दगड होता पिचब्लेंड. तो काळा, डांबरासारखी चमक असलेला आणि हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा कितीतरी जड असतो. वजनामुळे त्यात काहीतरी धातू असणार असे वाटे, पण भट्टीतून कामाचे काहीच निघत नसे. तो दगड खाणीबाहेरच्या ढिगांवर टाकून दिला जाई. बर्लिनमधील रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हाइनरिख क्लाप्रोट याने योहानगेऑर्गनश्टाटच्या ‘गेऑर्ग वाग्सफोर्ट’ या खाणीतील पिचब्लेंडची तपासणी केली. त्याने दगड आम्लात विरघळवला, द्रावणातून पिवळा साका मिळवला आणि तो कोळशाबरोबर तापवून काळी पूड मिळवली. ज्ञात असलेल्या कोणत्याही धातूशी तिचे वर्तन जुळत नव्हते. २४ सप्टेंबर १७८९ रोजी त्याने बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे नव्या मूलद्रव्याची घोषणा केली आणि आठ वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस या ग्रहावरून त्याला नाव दिले. त्याच्या हातातील पूड शुद्ध धातूची नव्हती, ऑक्साइडची होती. शुद्ध युरेनियम १८४१ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पेलिगो याने वेगळे केले. परंतु नवे मूलद्रव्य ओळखण्याचे श्रेय क्लाप्रोटचेच आहे.

एवढा मोठा शोध लागूनही गावात काहीच बदलले नाही. एकोणिसाव्या शतकात युरेनियमचा उपयोग मुख्यतः काचेला पिवळसर हिरवा रंग देण्यासाठी आणि भांड्यांवरील झिलईसाठी होई, आणि त्यासाठी थोडा माल पुरे. एर्त्सगेबिर्गच्या बोहेमियाकडील उतारावर योआखिम्सटाल हे खाणींचे शहर आहे, आजचे याखिमोव्ह. तेथील पिचब्लेंडमधून मेरी व पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम शोधले, आणि या डोंगराकडे जगाच्या विज्ञानाचे लक्ष गेले. योहानगेऑर्गनश्टाट मात्र तोवर वेगळ्याच संकटातून सावरत होते.

ते संकट होते आगीचे. १९ ऑगस्ट १८६७ रोजी शहरात लागलेल्या आगीत बहुतेक सगळी घरे जळून गेली. लाकडी बांधणी, फळ्यांची छपरे आणि एकमेकांना लागून असलेली घरे यांमुळे आग आवरणे शक्य झाले नाही. निर्वासितांनी सतराव्या शतकात उभारलेले शहर जवळपास पुसले गेले. लोकांनी दगडविटांची घरे, सरळ रस्ते आणि नवे चर्च बांधून शहर पुन्हा उभे केले. १८८३ मध्ये जवळच्या श्वार्त्सनबर्ग शहराहून रेल्वे आली आणि १८९९ मध्ये ती सीमेपलीकडे कार्लोवी व्हारीपर्यंत, म्हणजे त्या काळच्या कार्ल्सबाडपर्यंत पोहोचली. खाणी मंदावल्या होत्या, त्यामुळे लोकांनी हाताला दुसरे काम शोधले. मऊ चामड्याचे हातमोजे शिवण्याचा उद्योग येथे चांगला रुजला. फर्निचरही बनू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभीचे योहानगेऑर्गनश्टाट हे हातमोज्यांचे आणि हिवाळी पर्यटनाचे, सहा-सात हजार वस्तीचे शांत शहर होते. खाणकाम नावापुरते उरले होते.

येथे थोडे थांबून आरोग्याविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे जे घडले त्याचा धोका आधीच माहीत होता. जवळच्या श्नेबर्ग शहरातील खाणकामगार तरुण वयात छातीच्या रोगाने मरतात, हे सोळाव्या शतकापासून लोक पाहत होते आणि त्या रोगाला श्नेबर्गचा रोग असेच नाव पडले होते. १८७९ मध्ये हेर्टिंग आणि हेसे या दोघा डॉक्टरांनी हा रोग म्हणजे फुप्फुसातील घातक गाठी आहेत असे दाखवून दिले. कारण पुढे उलगडले. युरेनियमचा अत्यंत सावकाश ऱ्हास होताना त्यापासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन हा वायू तयार होतो. रेडॉनला रंग नाही, वास नाही. तो खडकातील भेगांतून खाणीच्या हवेत येतो आणि त्याचाही ऱ्हास होऊन किरणोत्सारी धातूंचे सूक्ष्म कण बनतात. हे कण धुळीला चिकटतात, श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि तेथील पेशींवर आतून मारा करत राहतात. हवा खेळती नसेल आणि धूळ जास्त असेल तर हा मारा कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे खाणीत भरपूर ताजी हवा सोडणे आणि पाणी मारून धूळ बसवणे, एवढे केले तरी बरेच जीव वाचू शकतात.

मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करली तेव्हा श्वार्त्सनबर्गच्या आसपासचा हा डोंगराळ टापू काही आठवडे कोणाच्याच ताब्यात नव्हता. अमेरिकी सैन्य पश्चिमेकडे थांबले होते, सोव्हिएत सैन्य पूर्वेकडे, आणि मधली पट्टी जूनच्या उत्तरार्धापर्यंत मोकळी राहिली. त्यानंतर सोव्हिएत सैन्य आले. ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडले, आणि सोव्हिएत नेतृत्वाला कोणत्याही किमतीला युरेनियम हवे झाले. त्यांच्या स्वतःच्या देशात तोवर पुरेसे साठे सापडलेले नव्हते. सोव्हिएत भूवैज्ञानिक एर्त्सगेबिर्गमधील जुन्या खाणींचे नकाशे आणि जुने टाकाऊ ढीग तपासू लागले. ज्या काळ्या दगडाला पूर्वी कोणी विचारत नव्हते, त्याच्या मागे आता एक महासत्ता लागली होती.

१९४६ मध्ये योहानगेऑर्गनश्टाटमध्ये मोठ्या प्रमाणावर खोदाई सुरू झाली, आणि १९४७ पासून ती विस्मुट या सोव्हिएत कंपनीच्या नावाने चालू लागली. विस्मुट म्हणजे बिस्मथ. खरे काय खोदले जाते ते झाकण्यासाठी हे निरुपद्रवी नाव निवडले होते. सुरुवातीच्या वर्षांत कामगार सक्तीने आणले गेले. सोव्हिएत सैन्याच्या ताब्यातील जर्मन विभागातली रोजगार कार्यालये पुरुषांना नोटिसा देऊन खाणीत पाठवत. त्यांत युद्धातून परतलेले सैनिक होते, पूर्वेकडून हाकलून दिलेले निर्वासित होते आणि खाण कधी पाहिलीही नसलेले कारकून व विद्यार्थीही होते. एकाच खोलीत अनेक माणसे पाळीपाळीने झोपत. पुढे सक्ती सैल झाली, कारण तिची गरज उरली नाही. उपाशी देशात विस्मुटचा पगार, जादा शिधा आणि स्वस्त दारू यांमुळे लोक आपणहून येऊ लागले.

कामाची पद्धत घाईची होती. सुरुवातीच्या वर्षांत सुरुंगासाठी यंत्राने खडकात छिद्रे पाणी न मारता, कोरडीच पाडत, त्यामुळे धुळीचा लोट थेट तोंडावर येई. हवा खेळवण्याची व्यवस्था अपुरी होती. श्नेबर्गच्या रोगाचा अनुभव त्याच जिल्ह्यात, अवघ्या काही मैलांवर असताना, हे घडू दिले गेले. त्या काळात विस्मुटच्या खाणींत काम केलेल्या हजारो कामगारांना पुढे सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, झाला आणि हजारोंना फुप्फुसाचा कर्करोग. बऱ्याच जणांना तो खाण सोडल्यावर वीस-तीस वर्षांनी झाला. गुप्ततेमुळे काय हाताळतो आहोत हे त्यांना सांगितलेच नव्हते. या इतिहासातील हा सर्वांत अक्षम्य भाग आहे, असे मला वाटते, कारण अपघाताला अज्ञान हे कारण असू शकते, पण येथे ज्ञान असूनही ते माणसांपासून लपवले गेले. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत संघाने पहिला अणुबॉम्ब उडवला. तोपर्यंत एर्त्सगेबिर्गमधील ही माणसे तीन वर्षांहून अधिक काळ युरेनियम काढत होती.

शहरावर याचा परिणाम असा झाला की काही वर्षांतच लोकसंख्या अनेक पटींनी वाढली आणि १९५१ ते १९५७ या काळात योहानगेऑर्गनश्टाटला जिल्ह्यापासून स्वतंत्र अशा मोठ्या शहराचा प्रशासकीय दर्जाही मिळाला. युरेनियमच्या शिरा थेट जुन्या शहराखालून जात होत्या. जमिनीपासून थोड्याच खोलीवर वेड्यावाकड्या खोदाया झाल्या, घरांच्या अधेमधे नवीन शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरण्याचे उभे खड्डे, खणले गेले आणि दगडांचे ढीग वस्तीला खेटून वाढले. जमीन खचण्याचा धोका आहे, या कारणास्तव १९५० च्या दशकात जुने शहर पाडण्याचा निर्णय झाला. आगीनंतर लोकांनी उभारलेली घरे, दुकाने, रस्ते असे बहुतेक सगळे टप्प्याटप्प्याने जमीनदोस्त करण्यात आले. चर्च आणि मोजक्याच इमारती वाचल्या. रहिवाशांना डोंगराच्या वरच्या अंगाला नव्याने बांधलेल्या वसाहतींत हलवले गेले. प्रत्येक घर खरोखरच धोक्यात होते का, याविषयी गावातील लोकांच्या मनात नंतरही शंका राहिली. आज बाजारचौक शोधत गेले तर चर्चशेजारी झाडी, गवत आणि मोकळी जागा दिसते. शहराचे केंद्र जिथे असायला हवे तिथे ते नाही, आणि नवख्या माणसाला गाव विस्कळीत वाटते त्याचे कारण हेच आहे.

एवढे करून युरेनियम मिळाले ते किती? विस्मुटने १९९० पर्यंत पूर्व जर्मनीत एकंदर दोन लाख टनांहून अधिक युरेनियम काढले, आणि त्यात योहानगेऑर्गनश्टाटचा वाटा अगदी लहान होता. येथील साठा सुरुवातीच्या घाईच्या काळात महत्त्वाचा होता. पुढे थुरिंगिया राज्यातील रोनेबर्ग आणि सॅक्सनीतील श्लेमा येथे कितीतरी मोठे साठे मिळाले. १९५८ मध्ये योहानगेऑर्गनश्टाटमधील खोदाई थांबली. माणसे आली तशी गेली, अनेकजण विस्मुटच्या इतर खाणींकडे. उरलेल्यांसाठी फर्निचर आणि यंत्रांचे कारखाने होते, पण १९९० मधील जर्मन एकीकरणानंतर बाजाराच्या स्पर्धेत त्यांतले बरेच टिकले नाहीत आणि तरुणांनी पश्चिमेची वाट धरली.

इतक्या उलथापालथीत जे टिकले, ते बहुतेक सगळे खाणकामगारांच्या जीवनातून आलेले आहे. हिवाळ्यात पहाटे अंधारात खाणीत उतरायचे आणि संध्याकाळी अंधारातच बाहेर यायचे, म्हणजे कित्येक आठवडे सूर्य दिसायचा नाही. अशा लोकांना प्रकाशाची ओढ असणे स्वाभाविक आहे. एर्त्सगेबिर्गमध्ये नाताळाच्या काळात प्रत्येक खिडकीत दिवे असतात. घरात जितके मुलगे तितके मेणबत्ती धरलेले लाकडी खाणकामगार आणि जितक्या मुली तितक्या देवदूत खिडकीत मांडायची रीत आहे, त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्याला त्या घरातली मुले मोजता येत. यातलाच एक प्रकार म्हणजे श्विबबोगेन, मेणबत्त्यांची अर्धवर्तुळाकार कमान. ज्ञात असलेली सर्वांत जुनी कमान योहानगेऑर्गनश्टाटचीच असून ती १७४० ची मानली जाते. ती लाकडाची नसून लोहाराने घडवलेली आहे. नाताळापूर्वीची शेवटची पाळी संपली की कामगार एकत्र जमत, प्रार्थना करत आणि जेवत, आणि अशा मेळाव्यासाठी खाणीच्या लोहाराने ही कमान घडवली असावी, असे सांगतात. खाणीच्या तोंडाभोवती कामगारांनी टांगलेल्या दिव्यांवरून हा आकार सुचला, ही कथाही सर्वत्र ऐकू येते, आणि तिला पुरावा नसला तरी तिचा गोडवा कमी होत नाही. २०१२ मध्ये शहराने सुमारे २५ मीटर रुंदीची कायमस्वरूपी कमान उभारली. ती जगातील सर्वांत मोठी मोकळ्यावर उभी असलेली श्विबबोगेन मानली जाते. हे शहर स्वतःला श्विबबोगेनचे शहर म्हणवते, युरेनियमचे नव्हे, आणि त्यांची ही निवड मला योग्य वाटते.

सीमेपलीकडच्या जन्मगावाशी असलेले नातेही सांगायला हवे. १६५४ मध्ये जर्मन प्रोटेस्टंट प्लाटेनहून हाकलले गेले. जवळपास तीनशे वर्षांनी, १९४५-४६ मध्ये, त्याच प्लाटेनमधील जर्मन भाषक कॅथलिकांना चेकोस्लोव्हाकियाने हाकलून दिले आणि गाव ओसाड पडत गेले. त्याच सुमारास याखिमोव्हच्या परिसरात युरेनियमसाठी राजकीय कैद्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. म्हणजे डोंगराच्या दोन्ही बाजूंची माणसे एकाच काळ्या दगडासाठी भरडली जात होती. आज दोन्हीकडच्या लोकांना सीमा सहज ओलांडता येते. पायी चालत पोटुच्की या चेक गावात जाता येते, आणि २०१९ मध्ये एर्त्सगेबिर्गच्या खाणप्रदेशाला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले तेव्हा जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक यांनी तो प्रस्ताव एकत्र मांडला होता. होर्नी ब्लात्नाचा परिसर त्या यादीत आहे.

डोंगर पोखरल्याचा हिशेब अजून चुकता व्हायचा आहे. एकीकरणानंतर जर्मनीच्या केंद्र सरकारने विस्मुटच्या खाणींच्या सफाईसाठी प्रचंड निधी दिला, परंतु तो कायद्याने विस्मुटकडे उरलेल्या जागांपुरता होता. योहानगेऑर्गनश्टाटसारख्या, खूप आधी बंद होऊन गावांच्या ताब्यात परत दिलेल्या जागा त्यात बसत नव्हत्या, आणि ज्यांच्या जमिनीचे सर्वाधिक नुकसान झाले अशा लहान गावांना त्या खर्चाचा भार पेलणे शक्य नव्हते. २००३ मध्ये केंद्र आणि सॅक्सनी राज्य यांच्यात करार झाल्यावर या जुन्या जागांचे काम मार्गी लागले. तेव्हापासून जुने शाफ्ट शोधून भरणे, ढिगांना उतार देऊन त्यांवर मातीचा थर चढवणे आणि खाणीतील पाण्याला वाट काढून देणे, अशी कामे येथे चालू आहेत. जुन्या पोकळ्यांतून रेडॉन वर येत असल्यामुळे घरांच्या तळमजल्यांकडेही लक्ष द्यावे लागते. २०२० च्या अखेरीस सॅक्सनीने एर्त्सगेबिर्गमधील अनेक गावे रेडॉनपासून विशेष काळजी घेण्याचे क्षेत्र म्हणून जाहीर केली; अशा क्षेत्रात तळघरात किंवा तळमजल्यावर माणसे कामाला असतील तर मालकाला वर्षभर हवेतील रेडॉन मोजावा लागतो, आणि त्याचे प्रमाण दर घनमीटरला ३०० बेकरेलच्या (बेकरेल हे किरणोत्सार मोजण्याचे एकक) वर आढळले तर ते कमी करण्याचे उपाय करावे लागतात.